पूजेतलं मीटर

खंडेनवमीच्या सकाळी श्यामसुंदरनं आपली हत्यारं पूजेला मांडली. पाटावर लाल फडकं, त्यावर स्क्रू ड्रायव्हर, पकड, टेस्टर, आणि मधोमध वीज मोजायचं पिवळं मीटर. कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि हात जोडले. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नाही, ही त्याच्या घरची शिस्त. वडील उदगीरला शिंपीकाम करायचे. लहानपणी एका नवमीला त्यानं पतंगाचा कागद कापायला पूजेतली कात्री घेतली, तेव्हा वडिलांनी कापड मोजायच्या गजानं त्याचा हात सुजेपर्यंत फोडला होता. मार विसरला, शिस्त राहिली.

हडपसरला आल्यावर तो आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही आणि आता कॉम्प्युटर. त्याच्या हातून काही जळालं, असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. रविवारी सकाळी दुकानाच्या फळीवर तो पोरांना घेऊन बसायचा आणि उघडा कॉम्प्युटर दाखवायचा. हा पंखा, ही स्मरणशक्ती, हा पत्र्याचा डबा भिंतीतली वीज आत घेतो आणि सगळ्यांना वाढतो. पोरांना पहिला धडा ठरलेला असे. "वीज दिसत नाही. म्हणून आधी मोजायची, मग हात लावायचा." पोरं ते पाढ्यासारखं म्हणायची.

पूजा आटोपतेय तोवर दाराशी जीप थांबली. महिपतीचा गडी भैरू उतरला. त्याचा खालचा ओठ फुटून सुजला होता.

"मालकांनी बोलवलंय."

"आज नाही, भैरू. हत्यारं पूजेत आहेत. परवा सकाळी येतो म्हणावं."

भैरू जागचा हलला नाही. "मास्तर, मला रिकामा पाठवू नका. कालचा हा वठ अजून दुखतोय."

श्यामसुंदरनं पाटाकडे पाहिलं, भैरूच्या ओठाकडे पाहिलं आणि रिकाम्या हातानं जीपमध्ये बसला.

महिपतीचं घर हडपसरच्या पुढं, लोणी काळभोरच्या अंगाला. आजूबाजूचा ऊस सरून तिथं काचेच्या इमारती उठत होत्या. महिपती आणि धाकटा बजरंग, दोघांनी रस्त्याकडची जमीन बिल्डरला दिली होती. जमीन गेली आणि भांडण राहिलं. घरं वेगळी झाली, विहीर मात्र सामायिक होती. दोघांत विस्तव जात नव्हता. गेल्या आठवड्यात मोटर कोणी आधी चालवायची यावरून जुंपली. बजरंगानं कुऱ्हाडीनं विहिरीवरची तार तोडली, महिपतीनं दगडानं बजरंगाच्या नाकाचं हाड मोडलं. ती तार महिपतीच्या माडीवर जायची. घरातली वीज सारखी जाते म्हणून कॉम्प्युटरसाठी त्यानं विहिरीच्या मोटरीच्या डब्यातून वेगळी वीज ओढली होती.

महिपती ओसरीवर उभा होता. मागं पाटावर त्याच्याही घरची हत्यारं मांडलेली होती. विळे, कुऱ्हाड, भैरूची पकड आणि टेस्टर, ट्रॅक्टरची किल्ली, आणि ऊसतोडीचा लांब कोयता. कोयत्याच्या पात्याला कुंकवाची पाच बोटं ओढलेली.

"या मेकॅनिक. पंचांग बघून निघालात वाटतं?"

"मालक, हत्यारं पूजेला बसलीत. परवा आलो असतो."

"हत्यारं बसली आसतील. हात बसल्यात का?" महिपती हसला, पण डोळे हसले नाहीत. "उद्या सोनं द्यायला समदा गाव येतोय. बजरंगाच्या घरी कॉम्प्युटर चालतोय आन् माझ्या माडीवर भंगार पडलंय, असं लोकांनी म्हनायचं का? सांजच्याला चालू पायजे."

एका ऑफिसच्या लिलावातून महिपतीनं जुना कॉम्प्युटर उचलला होता. श्यामसुंदरनं तो महिनाभरापूर्वी पूर्ण उलगडून ठेवला होता. नवा मदरबोर्ड आणि नवी मेमरी येऊन पडली होती. आता सगळं पुन्हा जोडायचं होतं.

महिपतीची बायको शालू चहा घेऊन माडीवर आली. मागोमाग त्यांची लेक निशा. सातवीतली पोर, रविवारच्या फळीवर न चुकता बसणारी.

"शालूताई, एखादा स्क्रू ड्रायव्हर?"

"समदं पूजेत हाय, भाऊ. भाजीची सुरी तेवढी बाहेर ऱ्हायलीय."

"तीच द्या."

सुरीचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून तो कामाला लागला. निशा मांडी घालून शेजारी बसली.

"काका, सुरीनं कॉम्प्युटर जोडतात?"

"आज जोडतात. उद्या स्क्रू ड्रायव्हरनं वांगी चिरू."

ती खुदकन हसली. तो एकेक भाग तिच्या हातात देत होता, नाव विचारत होता, मग जागेवर बसवत होता. मेमरीची पट्टी दोन्ही कडांनी टक् करून बसली, तेव्हा तो आवाज तिला पुन्हा ऐकायचा होता. त्यानं पट्टी काढून पुन्हा बसवून दाखवली. शिकवताना त्याला घाई कधी माहीत नव्हती.

खिडकीतून आत येणाऱ्या तारेवर त्याला नवी काळी चिकटपट्टी दिसली. खाली अंगणात भैरू होता.

"भैरू, ही तार कोणी जोडली?"

"म्याच. सकाळी. ही वरची आन् तिकडं मोटरीच्या डब्यातली पन. मालक म्हनले, जोड."

"नीट जोडलीस ना?"

"दोन तारा हुत्या, दोन जोडल्या. वीज न्हवती तवाच जोडल्या, घाबरू नका."

श्यामसुंदरचा हात सवयीनं पिशवीकडे गेला. पिशवी आणलीच नव्हती. निशानं ते पाहिलं.

"काका, तुम्ही आधी ते पिवळं यंत्र भिंतीच्या भोकांत घालता ना?"

"घालतो."

"मग आज?"

मीटर आणायला जीपनं अर्धा तास लागला असता. पण पूजेतून उचलावं लागलं असतं. टेस्टर तर खाली ओसरीवरच होता, तोही पूजेत. त्याच्या मनात हे सगळं येऊन गेलं. मग त्याच्यातला जाणता माणूस बोलला.

"इतकी वर्षं झाली, आता मला वासावरून कळतं, निशा."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तो स्वतःच पोरांना सांगायचा.

दुपार कलली. विहिरीकडे मोटर घरघरली, म्हणजे वीज आली. श्यामसुंदरनं भिंतीत पिन खोचली. कॉम्प्युटरच्या पेटीचं एका बाजूचं झाकण त्यानं मुद्दाम उघडं ठेवलं होतं. पहिल्यांदा चालू होताना पंखा फिरतो, ते पोरांना बघू द्यायचं आणि बटण पोरानंच दाबायचं, ही त्याची पद्धत.

"दाब."

निशानं भिंतीवरचं बटण दाबलं आणि पंखा बघायला वाकली.

निळा उजेड झाला आणि सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज. पत्र्याच्या डब्यातून काहीतरी शिट्टीसारखं सुटलं. मॉनिटरच्या मागून धूर निघाला. श्यामसुंदरनं आधी पिन ओढली आणि मग वळून पाहिलं. निशा आडवी पडली होती. दोन्ही हात डाव्या डोळ्यावर, आणि बोटांच्या फटींतून रक्त कोपरापर्यंत वाहत होतं. ती रडत नव्हती. नुसती श्वास ओढत होती.

त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. विहिरीच्या डब्यात चार तारा येतात. तीन जिवंत, चौथी मेलेली. मोटरीला तिन्ही जिवंत लागतात, घरच्या दिव्याला मात्र एक जिवंत आणि एक मेलेली. भैरूनं दोन तारा दोन जिवंत तारांना जोडल्या होत्या. दोनशे तीस व्होल्ट मागणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्यात चारशेच्या वर वीज शिरली होती. मीटर लावलं असतं तर काटा हलताच समजलं असतं. पूजेतल्या टेस्टरनंसुद्धा दोन्ही भोकांत पेटून सांगितलं असतं.

जिन्यावर पावलं धडधडली. शालूनं लेकीला पदरात ओढलं आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो बाईचा वाटत नव्हता. मागून महिपती आला. त्यानं पोरीकडे पाहिलं, काळ्या पडलेल्या भिंतीकडे पाहिलं, खिडकीतल्या तारेकडे पाहिलं.

"तार कुनी जोडली?"

जिन्याच्या तळाशी भैरू उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. पण महिपतीला उत्तर नकोच होतं.

"बजरंग," तो म्हणाला. "सकाळी विहिरीवर व्हता. म्या बघितला त्याला. माझी पोर मारायला निघाला."

श्यामसुंदरनं तोंड उघडलं. आता बोलायचं होतं. भैरू म्हटलं तर भैरू जिवंत राहणार नव्हता. मी म्हटलं तर आपली पाळी. त्यानं तोंड पुन्हा मिटलं. तेवढ्यात महिपती जिना उतरला आणि त्यानं ओसरीवरच्या पूजेतून कोयता उचलला. पाट कलंडला, फुलं सांडली, समई विझली.

शालू पोरीला घेऊन जीपकडे धावली. भैरूनं जीप चालू केली.

"भाऊ, बसा," शालू ओरडली.

तो बसला नाही. विहिरीकडे धावला.

बजरंग विहिरीच्या काठावर उकिडवा बसून मोटरीची पूजा करत होता. उघडं अंग, नाकावर पट्टी, हातात नारळ. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली आणि तेवढ्यानंच तो वाचला. मानेवर येणारा वार त्यानं डाव्या हातावर घेतला. कोयता हाडापर्यंत शिरला. नारळ गडगडत विहिरीत गेला. महिपतीनं पाय देऊन पातं उपसलं आणि दुसरा वार बरगडीवर घातला.

"दादा," बजरंग एवढंच म्हणाला. मग हाताला लागला तो मोटरीचा पाना त्यानं फिरवला. महिपतीचे पुढचे दात तुटले. तोंडातून रक्त आणि शिव्या एकदमच बाहेर आल्या. दोघे एकमेकांना धरून काठावर कोसळले, लोळले, पुन्हा उठले. सिमेंटवर पाय घसरावा इतकं रक्त होतं. महिपती वर होता. बजरंगाचा हात लोंबत होता आणि त्याचं डोकं विहिरीच्या पोकळीवर लटकलं होतं.

श्यामसुंदरला आयुष्यात मारामारी माहीत नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी महिपतीचं कोयत्याचं मनगट धरलं.

"मालक, त्यानं जोडली नाही तार. चूक माझी आहे."

"सोड."

"मी वीज मोजली नाही. मोजायला हवी होती, मला माहीत होतं, आणि मी मोजली नाही."

महिपतीनं मान वळवली. त्याचे डोळे माणूस ओळखत नव्हते. "मग जोडली कुनी?"

"कोणीही जोडली असेल. मोजायचं काम माझं होतं. मी न मोजता पोरीला बटण दाबायला लावलं."

महिपती उठला. बजरंगावरचा भार गेला. श्यामसुंदरला वाटलं, आता कोयता खाली पडेल. तो खालीच आला, पण फिरून. श्यामसुंदरनं उजवा हात वर केला होता. दुखलं नाही, नुसता गार वारा लागल्यासारखं झालं. पाहिलं तर तर्जनी आणि मधलं बोट काठाच्या सिमेंटवर पडलेली, जणू कुणा दुसऱ्याची. महिपतीनं पुन्हा कोयता उगारला.

"दादा," खालून बजरंगाचा आवाज आला. तोंडात रक्त होतं, शब्द धड फुटत नव्हते. "पोरीला काय झालं, ते तर सांग. निशाला काय झालं?"

महिपतीचा हात वरच राहिला. त्यानं भावाकडे पाहिलं. बजरंग मोडका हात छातीशी धरून उठायची धडपड करत होता. मारायला नव्हे, घराकडे जायला. महिपतीनं कोयता विहिरीत टाकला आणि तिथंच बसला. आजूबाजूच्या शेतांतले शेतकरी धावत आले.

महिपतीला पोलिसांनी नेलं. बजरंग वाचला, पण डाव्या हाताची मूठ पुन्हा वळणार नाही असं डॉक्टर म्हणाले. निशाचा डावा डोळा गेला. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या फुटलेल्या भागाचं ॲल्युमिनियमचं टोपण त्यात घुसलं होतं. भैरू दसऱ्याच्या दिवशी कोणाला न सांगता गावाकडे निघून गेला. श्यामसुंदरच्या जखमेवरचे टाके ओले होते. दुकान बंद होतं. जखमेपेक्षा त्याला एकच गोष्ट सलत होती. माडीवर तोंड उघडलं तेव्हाच बोललो असतो, तर बजरंगाचा हात वाचला असता.

पोलिसांनी जबाबाला बोलावलं, त्याच्या आदल्या दिवशी तो दवाखान्यात निशाला भेटायला गेला. खोलीच्या बाहेर शालूनं त्याला गाठलं. तिचे डोळे रडून रडून कोरडे झाले होते.

"भाऊ, उद्या जबाब हाय तुमचा."

"हो."

"एवढंच सांगा, तार बजरंगानं जोडली. आधी तोडली व्हती त्यानंच, समद्या गावाला ठावं हाय. पोरीचा डोळा गेला म्हणून बापाचं डोकं फिरलं, असं वकील म्हनतो. न्हाईतर ते आत सडतील. मी एकली ही एका डोळ्याची पोर घेऊन कुठं जाऊ?"

त्यानं खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"तुमचं बी नाव कुठं येनार न्हाय," शालू म्हणाली. "तुमच्या हाताला झालं तेवढं बास झालं की. विहिरीवर तुम्ही काय बोललात ते ह्यांनी सांगितलंय मला. चूक तुमची व्हती असं लोकांना कळलं, तर कोन काम देईल तुम्हाला? भैरू पळाला, तो काय बोलनार न्हाय. पोरीच्या डोळ्याची भरपाई मी तुमच्याकडं मागत न्हाय. हे एवढंच मागते."

श्यामसुंदरला नाही म्हणता आलं नाही. बजरंगानं खरोखरच तार तोडली होती. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं शांतपणे सोडून दिलं, की एका बाईचं घर उभं राहणार होतं, त्याचंही दुकान उघडणार होतं. त्यानं मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्यालाच कळलं नाही. शालूला हो वाटलं. तिनं दार उघडलं.

निशा उशीला टेकून बसली होती. अर्धा चेहरा पट्टीत. त्याच्या हाताकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"काका, दुखतं?"

"थोडं. तुला?"

"मला खाजतं." ती थांबली. चादरीची कड बोटांवर गुंडाळू लागली. "काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"माझं काय चुकलं? मी बटण जोरात दाबलं का?"

शालू दाराशी उभी होती.

"आई म्हणते बजरंगकाकानं केलं," निशा म्हणाली. "पण काका तर खाली विहिरीवर होता. बटण मी दाबलं. मी रोज रात्री आठवून बघते, मी कसं दाबलं. हळू दाबलं असतं तर झालं नसतं ना?"

श्यामसुंदर खुर्ची ओढून तिच्या उजव्या बाजूला बसला, तिच्या दिसत्या डोळ्यासमोर.

"निशा, बटण हळू दाबलं काय आणि जोरात दाबलं काय, विजेला फरक पडत नाही. तुझं काहीच चुकलं नाही. बजरंगकाकानंही ती तार जोडली नाही."

"भाऊ," शालू म्हणाली.

"विहिरीवरच्या डब्यात चार तारा असतात. तीन जिवंत, एक मेलेली. आपल्या भिंतीच्या भोकांत एक जिवंत आणि एक मेलेली यायला हवी होती. त्या दिवशी दोन्ही भोकांत जिवंत आल्या. ते कोणाच्याही हातून होऊ शकतं. म्हणून तर मोजायचं असतं. मोजायचं काम माझं होतं. तू मला विचारलंस, मीटर लावणार ना म्हणून. आणि मी..."

शालूनं पुढं होऊन त्याच्या तोंडात मारली. पूर्ण हातानं, दात हलावेत अशी. मग दुसऱ्या बाजूनं मारली. तो खुर्चीवरून उठला नाही, हातही वर केला नाही. त्याच्या ओठातून रक्त आलं. तिनं तिसऱ्यांदा हात उगारला.

"आई, थांब," निशा म्हणाली. तिचा आवाज लहान होता, पण फळीवर बसून प्रश्न विचारताना असायचा तसाच स्थिर. "त्यांना पुढं सांगू दे. काका, मीटर घरी होतं ना? मग का नाही लावलं?"

श्यामसुंदरनं बांधलेल्या हाताच्या मागच्या बाजूनं ओठ पुसला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.